१८ की २८? सहा जण एका खोलीत झोपतात तेव्हा एसी किती वर ठेवावा

प्रश्न नांदेडच्या एका ताईंचा आहे. घर वरच्या मजल्यावर, वर उघडा स्लॅब. बेडरूममध्ये दीड टनाचा एकच एसी, म्हणून एप्रिल ते जून घरातले सहाही जण त्याच खोलीत झोपतात. नवऱ्याला १८ शिवाय झोप येत नाही. सासूबाई रात्री उठून २८ करतात, कधी सरळ बंदच करतात. सासरे काही बोलत नाहीत, पण पहाटे चादर घेऊन हॉलमध्ये जाऊन झोपतात. मुलगी दहावीला, मुलगा चार वर्षांचा. ‘रोज रिमोटवरून तोंडं वाकडी होतात. नेमका एक आकडा सांगा,’ असं त्या लिहितात.

ताई, आकडा आधी देतो: २६, आणि वरचा पंखा दोनवर. आज रात्री हेच लावा. पण नुसता आकडा देऊन आलेल्या घरांतून मला आठ दिवसांत परत फोन आलेला आहे, म्हणून पुढचंही वाचा. एका खोलीत झोपलेल्या सहा जणांच्या अंगाला सहा वेगवेगळ्या हवा लागतायत आणि रिमोटवर जागा एकाच आकड्याला आहे. त्या आकड्यावर भांडण लावलं की कुणीतरी एक जण रोज हरणारच.

मी परभणीत २७ वर्षं एसी-फ्रिजचं काम करतो. आयटीआयमधून बाहेर पडलो तेव्हा आमच्या गल्लीत एकही एसी नव्हता, कूलर मात्र दारोदार. आता जिंतूर, सेलू, मानवत, वसमतपर्यंत कामं असतात. मे महिन्यात ‘एसी नीट चालंना’ म्हणून बोलावतात, आणि खोलीत पाय टाकला की कळतं, मशीन ठणठणीत आहे. एक जण म्हणतो, ‘लै उकडायलंय.’ दुसरीकडून आवाज येतो, ‘माय, हाडं गारठायलीत, बंद करा ते.’ दोघंही खरं बोलत असतात.

आधी तो आकडा काय करतो ते समजून घ्या. १८ लावलं म्हणजे एसी १८ ची हवा फेकतो आणि २६ लावलं की २६ ची, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालू असेपर्यंत एसीच्या तोंडातून येणारी हवा जवळपास सारखीच गार असते, मग आकडा कोणताही असो. आकड्याचं काम थांबवण्याचं. खोलीतून मशीनकडे परत ओढली जाणारी हवा त्या आकड्यापर्यंत उतरली की साधा एसी कॉम्प्रेसर बंद करतो आणि इन्व्हर्टर एसी हळू करतो. टाकीतला बॉल उंचावर बांधला म्हणून नळाला पाणी जोरात येत नाही, मोटर फक्त जास्त वेळ चालते. १८ चंही तेच आहे. ‘आधी १६ लावून खोली पटकन गार करतो, मग वाढवतो,’ असं म्हणणारे झोपी जातात, वाढवायचं राहून जातं आणि पहाटे सगळं घर कुडकुडत उठतं.

दुसरी गोष्ट, ही हवा मोजणारा सेन्सर इनडोअर युनिटच्या आत, जाळीच्या मागे असतो. म्हणजे जमिनीपासून सात फुटांवर. तुम्ही झोपता पलंगावर, दीड-दोन फुटांवर. कुणाची गादी खाली टाकलेली असेल तर चार इंचांवर. गार हवा जड असते, ती खाली बसते. मशीनला वर २४ वाटत असताना खालच्या गादीवर मी दोन-तीन अंशांनी कमी मोजलेलं आहे. तुमच्या घरात खाली गादी टाकून कोण झोपतं ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी पाहिलेल्या दहापैकी आठ घरांत ती जागा सासूबाईंची असते. पलंग मुलाला-सुनेला आणि नातवंडांना. मग खोलीतल्या सगळ्यात गार थरात घरातलं सगळ्यात थंडाळू माणूस झोपतं आणि सगळे म्हणतात, यांनाच कशी थंडी वाजते.

सेलूचं एक घर सांगतो. १४ बाय १५ ची खोली, वरचा मजला, पश्चिमेला भिंत आणि मोठी खिडकी, एसी एक टनाचा. नवरा १६ लावायचा, बायको २४ करायची. बाहेर त्या दिवशी ४३. मी पलंगाच्या उंचीवर थर्मामीटर टांगला. रात्री दहाला खोली २९ होती. तासभर १६ वर चालवला, साडेअठ्ठावीस. मग २४ वर तासभर, तरी साडेअठ्ठावीस. खोली २४ पर्यंत कधी उतरतच नव्हती, त्यामुळे कॉम्प्रेसर दोन्ही आकड्यांवर न थांबता चालत होता. त्या दोघांचा वाद दोन उन्हाळे चालला होता आणि त्या दोन उन्हाळ्यांत त्या आकड्याने खोलीत काडीचाही फरक पडलेला नव्हता. मी हे आकडे लिहिलेला कागद त्यांना दाखवला तेव्हा दोघंही गप्प बसले.

दोष कुठे होता? आउटडोअर युनिट काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत होतं. स्वतःच फेकलेली गरम हवा ते परत ओढत होतं. ते बाहेरच्या भिंतीवर घेतलं, खिडकीला बाहेरून बांबूची चटई लावली, दाराखालची फट बुजवली, स्लॅबवर चुना मारला. त्याच एक टनात खोली २५ ला आली. नवीन मशीन घ्यायला ते तयार झाले होते, मीच नको म्हटलं.

म्हणून ताई, आकड्याचा विषय काढण्याआधी दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आणा. रात्री अकराला, दोनला आणि पहाटे साडेचारला तीन जागी ठेवून पाहा: सासूबाईंच्या उशाशी, नवऱ्याच्या उशाशी आणि सासऱ्यांच्या पायथ्याशी. वहीत लिहा. त्या नऊ आकड्यांनी तुमच्या घरातलं निम्मं भांडण संपेल, कारण कोण खोटं बोलतंय हा प्रश्नच राहणार नाही.

आता माणसांचं. सासूबाई नखरे करतात असं घरात कुणीही म्हणू नये, हे मी हात जोडून सांगतो. वय वाढलं की स्नायू कमी होतात, शरीर स्वतःची उष्णता कमी तयार करतं, हातापायांकडे रक्त कमी पोचतं. साखर असेल तर पायांचं आणखी वेगळं. डेन्मार्कचे संशोधक पोव्हल ओले फँगर यांनी १९७० च्या सुमारास याचं गणित मांडलं: माणसाला गार वाटतं की गरम हे सहा गोष्टींवर ठरतं. हवेचं तापमान, आजूबाजूच्या भिंती-छताची धग, हवेतला ओलावा, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि शरीर किती उष्णता तयार करतंय ते. रिमोटवर यातली एकच दिसते. २०१५ साली नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की ऑफिसांचं तापमान ठरवताना शरीराच्या उष्णतेचा जो आकडा धरतात तो ४० वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषाचा आहे, आणि बायकांचा प्रत्यक्षातला आकडा त्याहून बराच कमी निघतो. म्हणजे तुमचे यजमान आणि त्यांची आई एकाच खोलीत वेगवेगळं सांगतायत यात नवल काहीच नाही.

यजमानांचंही ऐका. दिवसभर उन्हात फिरून आलेला, जेवून लगेच आडवा झालेला चाळिशीचा पुरुष खरोखरच तापलेला असतो. त्याला ‘सवय करून घ्या’ म्हणून भागत नाही.

मात्र सासूबाईंनी अकरा वाजता ‘बंद करा’ म्हटलं तर ते ऐकू नका. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घाम कमी येतो, त्यामुळे उष्णता अंगात साठत असली तरी लवकर जाणवत नाही. वरच्या मजल्यावर मे महिन्यात एसी बंद करून दार लावलेली खोली तासाभरात ३३-३४ होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्या चालू असतील तर डॉक्टरांना उन्हाळ्याआधी एकदा विचारून घ्या. थंडी वाजते म्हणून एसी बंद करण्यापेक्षा गार हवा त्यांच्या अंगावरून हलवायची आहे.

आता छताकडे या. सगळ्यात जास्त मला यावरच बोलायचंय, कारण मराठवाड्यातल्या भांडणांचं मूळ माझ्या मते निम्म्याहून जास्त स्लॅबमध्ये आहे. दिवसभर तापलेलं काँक्रीट ती धग काही तासांनी आत सोडायला लागतं. संध्याकाळी सातला गच्चीवर वारा सुटलेला असतो आणि खाली खोलीत भट्टी. रात्री दहा-अकरापर्यंत छत हवेपेक्षा गरम असतं. एसीने हवा २५ केली तरी वरून छत अंगावर धग टाकतच राहतं. पाठीवर झोपणाऱ्याला छाती-तोंडावर ती लागते आणि तो म्हणतो, अजून कमी कर. कुशीवर, पांघरूण घेऊन झोपणाऱ्याला फक्त गार हवा लागते.

याची उलट बाजू अनुभवायची असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत जा. तिथल्या मोठ्या हौदाच्या खाली दालन आहे, हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. उन्हाळ्यात आत उभं राहिलं की कुठलंही मशीन नसताना अंग निवतं. डोक्यावर धगीच्या ऐवजी पाण्याचा गारवा आहे, एवढंच कारण. आपल्या जुन्या माळवदाचंही तसंच होतं. लाकडी किलचांवर फूटभर मातीचा थर आणि दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. दिवसाची धग आत पोचेपर्यंत रात्र उलटलेली असायची. ती घरं पाडून आपण पाच इंचांचे स्लॅब टाकले आणि पाच इंचांची चूक दीड टनाने भरून काढायला निघालो.

माळवद परत आणा असं मी म्हणत नाही. स्लॅबवर पांढरा चुना मारा. गच्ची घासून धुऊन, चुन्यात फेव्हिकॉल कालवून दोन हात. कंपनीचा पांढरा परावर्तक रंग परवडत असेल तर उत्तमच, तो जास्त टिकतो. चुना मार्चमध्ये मारला तर पावसाळ्यापर्यंत काम देतो. खाली खोलीत दोन-तीन अंशांचा फरक मी कितीतरी घरांत पाहिला आहे. छताला हात पुरत असेल तर संध्याकाळी हात लावूनच कळतं. गच्चीवर ओलं पोतं टाका, पाणी मारा, असं मी कुणाला सांगत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात मी लातुरात काम केलेलं आहे. आपल्याकडे पिण्याचं पाणी गच्चीवर ओतणं मला जमत नाही.

पहाटेचं कोडंही इथेच सुटतं. झोपेत माणसाच्या आतलं तापमान उतरत जातं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात कमी होतं. त्याच वेळेला स्लॅबची धगही संपलेली असते, बाहेरची हवाही उतरलेली असते. म्हणजे रात्री अकराचं २४ आणि पहाटे चारचं २४ या दोन वेगळ्या खोल्या आहेत. अकराला तुमचे यजमान बरोबर होते, चारला तुमचे सासरे बरोबर आहेत. ते मुकाट्याने हॉलमध्ये जातात ना, ती त्यांची तक्रारच आहे, फक्त बोलून दाखवलेली नाही.

इथे माझ्या घरचं सांगतो. आईच्या खोलीत एसी मीच बसवला होता. पाइप कमी लागावा म्हणून युनिट तिच्या उशाच्या बरोबर समोर घेतलं आणि पात्या खाली करून दिल्या, म्हटलं आईला छान गार लागेल. तो सगळा उन्हाळा आई मानेला टॉवेल गुंडाळून झोपली. मला काहीच बोलली नाही, लेकानं हौसेनं लावलंय म्हणून. बहीण माहेरपणाला आली तेव्हा तिने सांगितलं, ‘दादा, आईची मान धरलीय, तुझ्या एसीनं.’ दुसऱ्या दिवशी युनिट हलवलं. त्या दिवसापासून कुठल्याही घरात एसी बसवायच्या आधी मी विचारतो, आजी-आजोबा कुठे झोपणार? आणि त्यांच्याच तोंडून उत्तर घेतो, मुलाच्या नाही.

तेव्हापासूनच एक पद्धत मी प्रत्येक घरात सांगतो. घरात एसीबद्दल बोलताना आकडा उच्चारायचा नाही, अंगाला काय होतंय ते सांगायचं. ‘२८ करा’ म्हणू नका, ‘माझे पाय गार पडलेत’ म्हणा. ‘१८ कर’ म्हणू नका, ‘पाठीला घाम येतोय’ म्हणा. आकड्याला उत्तर म्हणून दुसरा आकडाच येतो, आणि मग कुणाचा राहणार यावरून ताणाताणी. पाय गार पडले असतील तर त्याला पायमोजे आणि वाकळ हा उपाय आहे, त्यासाठी सहा जणांची हवा बदलायची गरज नाही. मानेला वारा लागत असेल तर पात्या वर करा, जागा बदला. घसा कोरडा पडत असेल, सकाळी मुलाचा घोळणा फुटत असेल, तर मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेतून एसी आणखी पाणी काढून घेतोय. तिथे आकडा खरोखर वाढवायला हवा. पाठीला घाम येत असेल तर पंखा हवा, सुती चादर हवी, आणि पलंगावर रेक्झिनची किंवा फोमची गादी असेल तर तिच्यावर आधी जाड सुती सतरंजी अंथरा. ‘डोकं जड झालंय’ असं सकाळी कुणी म्हणत असेल तर ती थंडीही नाही नि उकाडाही नाही. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच ती हवा फिरवतो. सहा माणसं आठ तास बंद खोलीत, वरून दाराच्या फटी कापड घालून बुजवलेल्या. बाहेरच्या खिडकीच्या फटी बुजवा, पण घरातल्या बाजूचं दार बोटभर उघडं ठेवा. थोडा गारवा जाईल, जाऊ द्या.

आणखी एक हिशेब. झोपलेला मोठा माणूस साधारण ७० वॉट उष्णता बाहेर टाकतो. तुम्ही चार मोठे आणि दोन मुलं, म्हणजे खोलीत रात्रभर चारशे वॉटचा हीटर लागलेला आहे असं धरा. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. दिवसाला एक टन बर्फ वितळवायला लागते तेवढी, म्हणूनच त्याला टन म्हणतात. तुमचा दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॉटचा आहे, म्हणजे माणसांच्या उष्णतेला तो भारी नाही. तरीही खोली गार होत नसेल तर छत, खिडकी, घाण झालेला फिल्टर आणि आउटडोअरची जागा या क्रमाने बघा. फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. आपल्याकडची धूळ तो महिन्यात बुजवते. उगाच गॅस भरून घेऊ नका. गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरणाऱ्याला पैसे देऊ नका.

बिलाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण मला वाटतं तो तुमच्या घरातही असणार. सासूबाई उठून एसी बंद करतात तेव्हा काही वेळा थंडीपेक्षा मीटर डोळ्यांपुढे असतो आणि मुलाच्या पगारावर आपण बोलावं कसं म्हणून त्या थंडीचं नाव सांगतात. त्यांच्यापुढे हिशेब मोकळा करा. दीड टनाचा एसी न थांबता चालला तर तासाला साधारण दीड युनिट. आठ तासांचे १२, महिन्याचे ३६०. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांचे आहेत. म्हणजे एकटा एसीच तुम्हाला ३०० च्या पुढे, महागड्या टप्प्यात नेऊन बसवतो. आकडा एक अंशाने वाढवला की एसीची वीज साधारण ६ टक्के वाचते असं केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. १८ वरून २६ म्हणजे आठ अंश, त्या हिशेबाने चाळीस टक्क्यांच्या आसपास. पण सेलूच्या घरासारखा एसी थांबतच नसेल तर ही बचत तुम्हाला मिळणार नाही, आधी त्याला थांबता आलं पाहिजे. जानेवारी २०२० पासून नवीन स्टार लेबलचे एसी चालू करताना २४ वरच सुरू होतात, तो सरकारी नियम आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसी २० च्या खाली आणि २८ च्या वर जाणार नाहीत अशी मर्यादा घालण्याचं जाहीर केलं. त्याने १६-१८ चा मोह जाईल, पण २० आणि २८ मध्येही आठ अंश उरतात आणि भांडायला तेवढे पुरतात.

कूलरचं थोडक्यात. सासूबाई-सासऱ्यांना हॉलमध्ये कूलरवर झोपायचं असेल आणि ते मनापासून म्हणत असतील, तर मे महिन्यात तो कमीपणा मानू नका. ४२ अंशांची आपली कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आली की २७-२८ पर्यंत उतरते, आणि ती ताजी असते, ओलसर असते. खिडकी मात्र उघडी हवी. एसी चालू असताना त्याच खोलीत कूलर कधीही लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी काढत बसतो, थंडावा राहतो बाजूला. मोठ्या कूलरला रात्रीला ५०-६० लिटर पाणी सहज लागतं, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात याचाही विचार करावा लागतो.

आता तुमच्या खोलीची मांडणी. एसीच्या पात्या आडव्या करा, हवा छताला धरून समोरच्या भिंतीपर्यंत जाऊ दे. स्विंग बंद ठेवा. हलता वारा दर मिनिटाला अंगावर येऊन झोप मोडतो. यजमानांची जागा समोरच्या भिंतीकडे, जिथे ती हवा खाली उतरते. त्यांच्यासाठी एक टेबल फॅन, फक्त त्यांच्या अंगावर. पंख्याच्या वाऱ्याने दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं आणि खर्च होतो ५० वॉट. झोपण्याआधी त्यांना साध्या पाण्याने अंघोळ करायला सांगा. २६ त्यांना का चालेना हा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो. सासू-सासऱ्यांना पलंगावर घ्या, एसी ज्या भिंतीवर आहे त्याच भिंतीच्या कडेला, तोंडाच्या रेषेत नाही. पात्या आडव्या असल्या की तिथे वारा सगळ्यात कमी लागतो. खाली गादीवर तुम्ही आणि यजमान. धाकटा रात्री पांघरूण लाथाडतोच, त्याला पूर्ण बाह्यांचा सुती पायजमा-सदरा घाला आणि चादरीची चिंता सोडा. मुलगी अभ्यासाला बसते तो टेबल एसीसमोर असेल तर बाजूला सरकवा, बसलेल्या माणसाच्या पाठीवर सरळ वारा आला की तासाभरात खांदे दुखतात.

रात्री साडेनऊला, सगळे जेवत असताना, एसी २५ वर चालू करा. झोपताना २६. स्लीप मोड असेल तर तो दाबा, तो एक-दोन तासांत आकडा आपोआप एक-दोन अंशांनी चढवतो, म्हणजे अडीचच्या सुमाराला तुम्ही २७-२८ वर असाल. पहाटे साडेचारचा ऑफ टायमर, पंखा चालूच. पाचला कुणी उठलं की खिडकी उघडायची. रिमोट कुणाच्याही उशीखाली नको, दाराजवळ भिंतीवर त्याचा स्टँड बसवा. बदल केला की वीस मिनिटं थांबायचं आणि मगच परत हात लावायचा, कारण खोलीला तेवढा वेळ लागतोच. संध्याकाळी तुमच्या भागात व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझरवरचा आकडा एकदा बघून ठेवा. १७०-१८० च्या खाली गेल्यावर एसी सुरूच होत नसेल तर त्यावरून घरात कुणाला दोष देऊ नका.

पहिले तीन दिवस यजमानांना २६ गरमच वाटेल. १८ ची सवय असलेल्या शरीराला आठवडा द्यावा लागतो. त्या आठवड्यात ते २५ हवं म्हणाले तर द्या आणि सासूबाईंच्या पलंगावर एक वाकळ जादा ठेवा. सासऱ्यांना मात्र तुम्ही स्वतः विचारा, सगळ्यांसमोर नाही, सकाळच्या चहाला: ‘मामंजी, रात्री पायांना गार लागलं का?’ त्यांचं उत्तर ‘नाही, ठीक आहे’ असंच येईल. ते पहाटे कुठे उठले ते बघा, आणि हॉलमध्ये सापडले तर टायमर चारवर आणा.

मृगाचा पाऊस पडला की हे सगळं पुन्हा लावावं लागेल. हवेत ओल आली की कूलर चिकचिक करतो, तो धुऊन-वाळवून ठेवून द्या. त्या दिवसांत खोली २७ असली तरी अंग चिकट राहतं, तेव्हा आकडा खाली न ओढता ड्राय मोड लावा आणि पंखा एकने वाढवा. ड्रेनच्या पाइपखाली बादली ठेवा. मेमध्ये जेमतेम तांब्याभर पडणारं पाणी जूनमध्ये रात्रीत बादली भरतं. ते तुळशीला, फरशीला वापरा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका.